लग्न लावायला शिकवणारा कोर्स: आठ महिने, पाच लग्नं

गेल्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये इंटरफेथ मिनिस्टर (कुठल्याही धर्माच्या लोकांचे विधी करणारी धर्मगुरू) म्हणून माझं ऑर्डिनेशन, म्हणजे दीक्षाविधी, झालं. दोन वर्षं अनेक धर्मांचा अभ्यास केला, पण मांडवात उभं राहून लग्न कसं लावायचं, हे शिकायचं राहून गेलं होतं. म्हणून नव्या मिनिस्टरांसाठीचा सहा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स केला. त्यानंतरच्या आठ महिन्यांत पाच लग्नं लावली. त्यातल्या तीन लग्नांत एक बाजू मराठी होती.

सर्वांत जास्त उपयोग झाला तो कागदपत्रांच्या भागाचा. न्यूयॉर्क शहरात लग्न लावायचं तर लग्न लावणाऱ्याला आधी सिटी क्लार्ककडे, म्हणजे शहराच्या नोंदणी कार्यालयात, आपली नोंदणी करावी लागते. जोडप्याला लग्नाचं लायसन्स (परवाना) मिळालं की २४ तास थांबायचं, ६० दिवसांच्या आत लग्न लावायचं आणि सह्या झालेला कागद ५ दिवसांत परत पोचवायचा. आमच्या शिक्षिकेनं एक प्रश्न तर घोटून घेतला होता, ‘हॉल कुठल्या राज्यात आहे?’ तिसऱ्या लग्नाला तोच कामी आला. मुलगा-मुलगी दोघंही न्यूयॉर्क शहरातल्या क्वीन्सची, हॉल न्यू जर्सीत एडिसनला, आणि लायसन्स काढायला निघाली होती न्यूयॉर्कचं! ते नदीपलीकडे चालत नाही. न्यू जर्सीत दोघंही बाहेरची असली तर लग्न ज्या गावात, तिथेच अर्ज करायचा, ७२ तास थांबायचं आणि लग्नाला दोन साक्षीदार लागतात. हातात दहा दिवस होते म्हणून निभावलं.

दुसरी मोठी शिकवण संमती तोंडानं सांगण्याची. न्यूयॉर्कचा कायदा अमुकच विधी करा असं म्हणत नाही. पण आम्ही एकमेकांना जोडीदार म्हणून स्वीकारतो, हे दोघांनी मिनिस्टर आणि किमान एका साक्षीदारासमोर सांगावं लागतं. आपल्या लग्नात बोलतात ते गुरुजी आणि मंगलाष्टकं म्हणणारे. नवरा-नवरी बराच वेळ गप्पच असतात. म्हणून सप्तपदीनंतर मी दोघांना ते वाक्य म्हणायला लावते. पहिल्या लग्नात नवरीनं ते आधी इंग्रजीत म्हटलं, मग आजीकडे वळून मराठीत. आजी हातातल्या अक्षता टाकायच्या विसरून तिच्याकडे बघत राहिल्या. तेव्हापासून मी प्रत्येक जोडप्याला विचारते, घरात कुठली भाषा बोलता?

सरावाचे तासही उत्तम होते. प्रत्येकानं कॅमेऱ्यासमोर खोटं लग्न लावायचं. कागद वाऱ्यानं उडू नयेत म्हणून फाइलला लावायचे, अक्षर मोठं ठेवायचं, हार घालताना फोटोतून बाजूला सरकायचं. आणि पाहुण्यांना ‘बसा’ म्हणायला विसरायचं नाही, कारण उभे केलेले लोक मिनिस्टरनं सांगेपर्यंत उभेच राहतात. आपल्याकडे अक्षता टाकून झाल्या की माणसं आपसूक बसतात. इथे अमेरिकन पाहुणे खरंच ताटकळतात.

आता उणीव. हिंदू लग्नासाठी फक्त एक तास, आणि त्यातही सप्तपदी म्हणजे अग्नीभोवतीचे सात फेरे असं शिकवलं गेलं. आपल्याकडे सप्तपदी तांदळाच्या सात राशींवर पावलं टाकून होते, प्रदक्षिणा वेगळी. अंतरपाटाचं तर नावही आलं नाही. मी कळवल्यावर त्यांनी दुरुस्ती करू असं सांगितलं, पण परवापर्यंत तोच व्हिडिओ होता. याचं मला मनापासून वाईट वाटतं. दोन धर्मांचं लग्न लावणाऱ्यानं दोन्ही घरचं नीट शिकायलाच हवं, नाहीतर एका घरचा विधी नुसता शोभेपुरता उरतो. मी शेवटी एका गुरुजींकडे चार रविवार बसून शिकले. कन्यादान नको म्हणणाऱ्या मुलीशी आणि तिच्या वडिलांशी वेगवेगळं कसं बोलायचं, हेही त्यांनीच सांगितलं.

नुकतंच ऑर्डिनेशन झालेल्यांनी कायदा आणि सरावासाठी हा कोर्स जरूर करावा. हिंदू विधींसाठी मात्र त्यावर विसंबू नये. ज्यू परंपरेचा भाग चांगला आहे. मुहूर्त शनिवारी सकाळचा काढलेलं एक मराठी-ज्यू जोडपं सध्या माझ्याकडे आलंय. शब्बाथ (ज्यूंचा शनिवारचा पवित्र विश्रांतीचा दिवस) संपेपर्यंत त्यांच्याकडे लग्न लागत नाही, हे मी पहिल्याच फोनवर सांगू शकले. मुलाची आई आता रविवारचा मुहूर्त बघतेय.