रेजिना सॉफ्टवेअर: सिंग्युलर बिंदू लपवत नाही म्हणून आवडलं

टोपॉलॉजीवाल्यांसाठी फुकट मिळणारं, ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, नाव रेजिना. बेन बर्टन आणि त्याच्या साथीदारांनी लिहिलेलं, विंडोज मॅक लिनक्स तिन्हीवर चालतं आणि पायथनमधूनही वापरता येतं. लोक ते थ्री-मॅनिफोल्डसाठी (जवळून पाहिलं तर सगळीकडे साध्या तीन मितीच्या जागेसारखी दिसणारी स्पेस) घेतात, पण मी इथे लिहितोय ते स्यूडोमॅनिफोल्डसाठी, म्हणजे बाकी सगळीकडे मॅनिफोल्डसारखी वागणारी पण एखाद्या ठिकाणी बिघडलेली (सिंग्युलर) स्पेस असते ना, तिच्यासाठी.

काम साधं आहे. टेट्राहेड्रॉन (चार त्रिकोणी बाजूंचे ठोकळे) घ्यायचे आणि त्यांच्या बाजू एकमेकींना चिकटवायच्या. एक तक्ता येतो, प्रत्येक ओळीला एक टेट्राहेड्रॉन, कुठली बाजू कुणाला आणि कशी फिरवून लावायची ते त्यात भरायचं, बस. मग स्केलेटनच्या टॅबमध्ये जाऊन व्हर्टेक्स (कोपरे) बघा. खरी मजा तिथेच आहे, कारण प्रत्येक व्हर्टेक्सची लिंक काय आहे हे तिथे दिसतं. लिंक म्हणजे त्या बिंदूभोवतीचा छोटासा कवच-पृष्ठभाग. तो गोल असेल तर बिंदू ठीक, टोरस (मेदूवड्यासारखा) किंवा क्लाइन बॉटल (आत-बाहेर असा भेदच नसलेला) निघाला तर तिथे स्पेस बिघडलीय.

सुरुवातीला फिगर-एट गाठीचं उदाहरण उघडा, तयार यादीतच आहे. फक्त 2 टेट्राहेड्रॉन, 4 त्रिकोण, 2 कडा, 1 व्हर्टेक्स. आता ऑयलर संख्या काढा (व्हर्टेक्स − कडा + त्रिकोण − टेट्राहेड्रॉन), 1 − 2 + 4 − 2 म्हणजे 1. बंद थ्री-मॅनिफोल्डची ती 0 यायला हवी, म्हणजे हे मॅनिफोल्ड नाहीच, आणि दोषी तो एकुलता एक व्हर्टेक्स, ज्याची लिंक टोरस आहे. रेजिना यावर एरर देऊन हात वर करत नाही, "आयडियल" असा शिक्का मारून शांतपणे पुढचं काम करतं. व्हर्टेक्स काढून टाकला की उरतं ते गाठीचं कॉम्प्लिमेंट (गाठ सोडून बाकीची सगळी जागा), म्हणजे बिघडलेला बिंदूच इथे कामाचा ठरतो!

बरं, सगळं बिघडलेलं चालतं असंही नाही. एखादी कड स्वतःलाच उलटी चिकटली तर तिच्या मधल्या बिंदूची लिंक प्रोजेक्टिव्ह प्लेन (आत-बाहेर नसलेला आणखी एक पृष्ठभाग) होते, आणि असल्या प्रकाराला रेजिना सरळ इनव्हॅलिड म्हणतं. मला हा फरक पुस्तकात वाचून कधीच नीट कळला नव्हता, तक्त्यात चार आकडे बदलून लगेच कळला.

आता तक्रारी. पहिली म्हणजे पिंच्ड टोरस (एका जागी चिमटून बिंदू केलेला टोरस), स्यूडोमॅनिफोल्डच्या धड्यातलं अगदी पहिलं उदाहरण, इथे बनतच नाही. त्रिकोण फक्त कडेने जोडता येतात, नुसते दोन कोपरे एकत्र दाबता येत नाहीत, त्यामुळे प्रत्येक लिंक अखंडच राहते आणि दोन मितीत कधी बिघाड होतच नाही. बिघाड बघायचा तर किमान तिसरी मिती लागते. नवख्या माणसाला हे कुणी आधी सांगत नाही आणि तो उगाच तासभर तक्त्याशी झटापट करत बसतो. दुसरी तक्रार, इंटरसेक्शन होमॉलॉजीसाठी हे घेऊ नका (होमॉलॉजी म्हणजे स्पेसमधली भोकं मोजायची पद्धत, हा तिचाच एक प्रकार). गोरेस्की-मॅकफर्सनची ती थिअरी खास अशाच स्पेससाठी आहे खरी, पण रेजिनाचा तो धंदाच नाही.

चार मितीत मात्र मी फिदा झालो. प्वांकारे होमॉलॉजी स्फिअर घ्या (होमॉलॉजी थ्री-स्फिअरसारखी, म्हणजे तीन मितीच्या गोलासारखी, पण स्वतः तो गोल नसलेला थ्री-मॅनिफोल्ड), यादीत 5 टेट्राहेड्रॉनचा आहे, आणि पायथनमधून त्याच्यावर डबल कोन चढवा, म्हणजे दोन बाजूंना एकेक टोक घेऊन सगळं त्याला जोडा. 10 पेंटाकोरॉनची (टेट्राहेड्रॉनचे चार मितीतले भाऊ) बंद स्पेस तयार होते, ऑयलर संख्या 2, होमॉलॉजी अगदी चार मितीच्या गोलासारखी, सगळे सोपे टेस्ट पास!! तरीही दोन टोकं बिघडलेली आहेत, कारण तिथली लिंक खरा थ्री-स्फिअर नाही. इथे नुसत्या होमॉलॉजीवर भागत नाही, लिंक थ्री-स्फिअर आहे की नाही हे ओळखणारा अल्गोरिदम लागतो, आणि तो रेजिनाकडे आहे. पाच मितीपासून पुढे ट्रायँग्युलेशन (अशा ठोकळ्यांच्या जोडण्या) बनवता येतात पण लिंकची अशी झडती होत नाही. त्याचा दोष देणार कुणाला, पाच मितीत लिंक चार मितीची असते आणि चार मितीचा गोल ओळखायचा अल्गोरिदम कुणाला माहीत नाही, आणि पाच किंवा त्याहून जास्त मितीचा गोल ओळखण्याचा सर्वसाधारण अल्गोरिदम असूच शकत नाही हे नोव्हिकोव्ह या गणितज्ञाने सिद्ध करून ठेवलंय.

वेगाबद्दल थोडंसं. छोटी उदाहरणं झटक्यात होतात, पण नॉर्मल सरफेसची (टेट्राहेड्रॉनना त्रिकोण-चौकोनांत कापत जाणारे पृष्ठभाग) यादी काढायची तर टेट्राहेड्रॉन वाढले की वेळ भयंकर फुगतो. तरी याच प्रोग्रॅमच्या मदतीने वेबर-सायफर्ट डोडेकाहेड्रल स्पेस, 23 टेट्राहेड्रॉनची, हाकेन (आत एक खास न आक्रसणारा पृष्ठभाग असलेली) नाही हे ठरवलं गेलं, थर्स्टन या गणितज्ञाचा जुना प्रश्न होता तो.

दिसायला इंटरफेस जुनाट आहे, चित्रं फिरवून बघायची हौस असेल तर निराश व्हाल. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. एमएस्सीला अल्जेब्रिक टोपॉलॉजी घेतलेल्यांनी तर टाकूनच घ्या, आणि हायपरबोलिक व्हॉल्यूम वगैरे हवं असेल तर सोबत स्नॅपपायपण टाका, तेही फुकटच आहे.