‘नवा’ शॉकअप बसवण्याआधी दांडी दाबून बघा

सिंहगड रस्त्यावरच्या एका गिऱ्हाइकाची हॅचबॅक मागून खडखड वाजते म्हणून लिफ्टवर घेतली. दोनच महिन्यांपूर्वी शहरातल्या एका दुकानात त्यांनी मागचं सस्पेन्शन ‘अपग्रेड’ करून घेतलं होतं. कात्रज घाटाच्या वळणांवर गाडी मागून झोल खायची. त्यावर इलाज म्हणून गॅसचे शॉकअप (शॉक अॅब्झॉर्बर), ‘स्पोर्ट’ स्प्रिंगा आणि मागच्या चाकांचं कॅम्बर, म्हणजे चाकाच्या आत-बाहेर झुकावाचं, सेटिंग, असे पैसे लावले होते. साध्या कागदावर नुसती रक्कम. पार्ट नंबर नाही, जीएसटी नंबर नाही.

शॉकअपच्या नळीवरचा जाड काळा रंग खरवडला तर खाली वेल्डिंगचा ठिपका. जुन्या शॉकअपला भोक पाडायचं, तेल भरायचं, भोक बुजवून रंग मारायचा, असा हा धंदा. दांडी पूर्ण दाबली, ती तिथेच बसून राहिली. गॅस असता तर सोडल्यावर आपोआप वर आली असती. नवा गॅस शॉकअप बहुतेक वेळा दाबून, पट्टा बांधूनच पेटीत येतो. पट्टा कापला की दांडी वर सरकते. ते डोळ्यांसमोर करून दाखवल्याशिवाय बसवायला हो म्हणू नका.

स्प्रिंगा मूळच्याच, ग्राइंडरने वेढा कापलेल्या. प्रत्यक्ष दबणाऱ्या सहा वेढ्यांतला एक गेला की स्प्रिंग 20 टक्के कडक होते. म्हणून पहिले काही दिवस गाडी घट्ट वाटते आणि पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. पण कडक स्प्रिंगची उसळी आवरायला त्या शॉकअपमध्ये दमच नव्हता. स्पीडब्रेकर उतरताना चाक खाली लोंबलं की आखूड झालेली स्प्रिंग बैठकीत सैल पडायची, खडखड तिचीच. कापलेल्या धारेने बैठकीचं रबर अर्धं चिरलं होतं. भर वळणात ती निसटली असती तर गाडीतली माणसं धोक्यात होती, याची चीड येते.

कॅम्बरचे पैसे तर हवेचेच. अशा हॅचबॅकला मागे ट्विस्ट बीम असतो, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना जोडणारा एकच आडवा बीम. त्यावर कॅम्बर फिरवायला बोल्टच नसतो.

खरं दुखणं होतं बीमच्या दोन बुशांत, म्हणजे बीम गाडीला जिथे जोडला जातो तिथल्या रबरी जोडांत. रबर भेगाळलेलं, आणि त्याला कोणी हातही लावला नव्हता. घाटातला झोल घालवायचा तर आधी हे बुश, मग कंपनीच्या मापाचे शॉकअप जोडीने, सोबत नवे बंप स्टॉप (सस्पेन्शन पूर्ण दबताना धक्का झेलणारे रबर) आणि वरची माउंटिंग. बुशांचे बोल्ट शेवटी आवळायचे ते गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच. चाकं लोंबत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

गाडीत मनाला येईल तो बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 ही आड येतं. नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीने मुळात दिलेल्यापेक्षा वेगळा पडेल असा बदल त्यात मना आहे. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करता येते, पण पार्ट नंबरसकट पक्कं बिल हातात असेल तर तिला वजन येतं. आणि जुने शॉकअप मागून घरी न्या. दुकानात राहिले तर रंग लागून तेच दुसऱ्या कुणाच्या गाडीखाली जातात.