आखूड नळीच्या रायफलसाठी सप्रेसर : बॅफलचा की वायू पुढे सोडणारा?

अमेरिकेत १६ इंचांहून आखूड नळीची रायफल रीतसर नोंदवून घेतली, की तिच्या नळीच्या तोंडाला आवाज कमी करणारा सप्रेसर कोणता बसवावा हा प्रश्न पाठोपाठ येतोच. या लेखात मी एआर पद्धतीची, म्हणजे वायूच्या दाबावर पुढचे काडतूस आपोआप भरणारी, ५.५६ मिलिमीटर काडतुसाची आणि साधारण साडेदहा ते साडेअकरा इंच नळीची रायफल गृहीत धरली आहे, कारण माझ्याकडे तीच आहे आणि टेक्सासमध्ये रानडुकरांच्या शिकारीला जाणारे बहुतेक परिचितही तीच वापरतात. सप्रेसरची वजने, लांब्या आणि किमती कोणत्याही दुकानाच्या पानावर मिळतात, त्यामुळे त्यांची जंत्री येथे देत नाही. खरी निवड दोन घराण्यांमध्ये आहे. एक घराणे दारू जळून निघणाऱ्या वायूला एकामागून एक रचलेल्या आडव्या पडद्यांमध्ये, म्हणजे बॅफलमध्ये, कोंडून शांत करणारे आणि जुने; दुसरे वायूला नागमोडी वाटांनी फिरवत पुढच्या तोंडातून बाहेर काढणारे, म्हणजे ज्याला दुकानात ‘फ्लो-थ्रू’ म्हणतात ते. मी दोन्ही वापरले आहेत.

ही निवड घाईने करू नये, याला कायद्याचेही कारण आहे. १९३४च्या नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्टने लावलेला २०० डॉलरचा कर सप्रेसर आणि आखूड नळीच्या रायफली या दोहोंसाठी १ जानेवारी २०२६पासून शून्यावर आला असला, तरी नोंदणी, बोटांचे ठसे, छायाचित्र आणि केंद्रीय मंजुरी हे सोपस्कार कायम आहेत, आणि नोंद झालेली वस्तू आवडली नाही म्हणून दुकानदाराला परत देता येत नाही. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, न्यू जर्सी, इलिनॉय यांच्यासह आठ राज्यांत सामान्य नागरिकाला सप्रेसर बाळगताच येत नाही. तेव्हा नोकरीनिमित्त राज्य बदलण्याची शक्यता असलेल्यांनी हे आधीच लक्षात घ्यावे. शिवाय अशी आखूड नळीची रायफल राज्याबाहेर नेण्यापूर्वी वेगळी परवानगी लागते, जी सप्रेसरला लागत नाही. आपल्यापैकी जे अजून एच-वन-बी व्हिसावर आहेत, त्यांना मुळात बंदूक बाळगण्यावरच केंद्रीय कायद्याचे निर्बंध आहेत आणि त्यातले अपवाद मोजके आहेत, म्हणून त्यांनी दुकानात जाण्याआधी जाणकार वकिलाला विचारलेले बरे.

आता मूळ मुद्दा. आखूड नळीत दारू पुरती जळण्याआधीच गोळी बाहेर पडते, त्यामुळे नळीच्या तोंडाशी असलेला दाब लांब नळीच्या मानाने कितीतरी जास्त असतो आणि सप्रेसरच्या पहिल्या बॅफलवर तो जळत्या कणांसह आदळतो. म्हणूनच बहुतेक उत्पादक प्रत्येक सप्रेसरसाठी किमान नळी किती लांब हवी हे लिहून देतात, आणि ती ओळ वाचल्याशिवाय पैसे भरू नयेत. टायटॅनियमचा सप्रेसर हलका असतो हे खरे. पण आखूड नळीवर अंधारात झाडलेल्या गोळीमागून त्यातून ठिणग्यांचा पिंजारलेला झुपका निघताना मी पाहिला आहे, आणि त्या ठिणग्यांमध्ये धातूचाही थोडा अंश असतो. या कामासाठी पहिला बॅफल इनकोनेल किंवा स्टेलाइटसारख्या कठीण मिश्रधातूचा असलेला चांगला. खांद्यावर वाढणाऱ्या वजनाची कुरकुर मीही केली, पण ती सवयीची होते.

डेसिबलच्या तक्त्यांवर मी फारसा विसंबून राहिलो नाही. जाहिरातीत सहसा नळीच्या तोंडाजवळ मोजलेला आकडा असतो, तर गोळी झाडणाऱ्याला ऐकू येतो तो कानाजवळचा आवाज, आणि या दोहोंची क्रमवारी पुष्कळदा उलटी लागते. अमेरिकी लष्करी मानकात क्षणिक स्फोटक आवाजासाठी १४० डेसिबलची मर्यादा धरली जाते. या नळीवर ५.५६चा चांगला सप्रेसर त्या मर्यादेच्या अलीकडे-पलीकडे घुटमळतो, आणि गोळी आवाजाच्या दुपटीहून अधिक वेगाने जात असल्याने तिचा कडकडाट कोणताच सप्रेसर रोखू शकत नाही. सांगायचे एवढेच, की दोन्ही घराण्यांत कानाचे संरक्षण वापरावेच लागते. मग चार डेसिबलवरून वाद घालण्यात किती अर्थ आहे, हे ज्याने त्याने ठरवावे.

बॅफलच्या सप्रेसरच्या बाजूने बोलायचे तर, तोंडाजवळचा आवाज आणि ज्वाळा दाबण्यात तो अजूनही सरस आहे, असे माझ्या कानांचे आणि डोळ्यांचे मत आहे. बाजूला उभ्या असलेल्या सोबत्यालाही तोच अधिक सुसह्य वाटतो. पहिल्या गोळीचा आवाज, आत हवा भरलेली असल्याने, नंतरच्या गोळ्यांपेक्षा किंचित मोठा येतो, पण तो दोष दोन्हीकडे कमीअधिक आहेच. बाजारात त्याचे पर्याय भरपूर आहेत, जोडण्या सर्वत्र मिळतात, आणि सुट्या भागांसाठी एका उत्पादकाच्या दारात उभे राहावे लागत नाही.

मात्र मला जे सलले ते दुसरेच होते. बॅफलमध्ये कोंडलेल्या वायूला बाहेर पडायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात बोल्ट, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद ठेवणारा भाग, उघडतो. मग तो वायू नळीतून उलटा येऊन रिकामी पुंगळी जिथून बाहेर फेकली जाते त्या खिडकीतून, आणि रायफल भरताना मागे ओढायच्या मुठीच्या, म्हणजे चार्जिंग हँडलच्या, फटीतून थेट चेहऱ्याकडे येतो. मी डावखुरा आहे. उजव्या खांद्यावरून झाडणाऱ्याचा चेहरा दस्त्याच्या डाव्या बाजूला असतो आणि ती खिडकी पलीकडच्या अंगाला राहते. माझा चेहरा मात्र नेमका खिडकीच्या बाजूला, तिच्यामागे वीतभर अंतरावर असतो. ओल्या लाकडांच्या चुलीसमोर फुंकणी घेऊन बसल्यावर डोळ्यांचे जे होते, तेच मॅगझिन अर्धे संपेपर्यंत माझे व्हायचे. चष्म्याच्या आतल्या बाजूवर करडा थर बसायचा, डोळ्यांतून पाणी यायचे, घशात अमोनियासारखा झणका राहायचा, आणि घरी येऊन नाक शिंकरले तर रुमाल काळा व्हायचा. त्या धुरात शिशाचे कण असतात, हे ध्यानात घेतले की हा त्रास निव्वळ गैरसोयीचा राहत नाही, आणि नेमबाजीच्या बंदिस्त रेंजवर तर मुळीच नाही.

यावर उपाय नाहीत असे नाही, आणि ते मी करून पाहिले. बोल्टमागचे वजन, म्हणजे बफर, जड घातले, त्याने बोल्ट थोडा उशिरा उघडू लागला आणि पुढच्या अंगाला भिरकावल्या जाणाऱ्या पुंगळ्या पुन्हा कडेला पडू लागल्या. बोल्ट हलवण्यासाठी नळीतून वळवलेल्या वायूचे प्रमाण कमीजास्त करता येणारा गॅस ब्लॉक बसवला, त्याने रायफलचा धसमुसळेपणा गेला. मागच्या फटी बंद करणारे चार्जिंग हँडल बसवले, त्यानेही फरक पडला. तरीही त्रास कमी झाला, संपला नाही, आणि याचे कारण सरळ आहे : गॅस ब्लॉक फक्त वरच्या बारीक नळीतून येणाऱ्या वायूला आवर घालतो, मुख्य नळीतून उलट्या येणाऱ्या वायूवर त्याचा काही अंमल नाही. शिवाय सप्रेसर काढला की तीच रायफल वायू कमी पडून अडखळू लागते, म्हणजे पुन्हा किल्ली घेऊन बसणे आले. हे सगळे सुटे भाग आणि त्यांच्यामागे घातलेल्या शनिवार-रविवारच्या दुपारी यांची बेरीज केली, तर दोन सप्रेसरांच्या किमतीतला फरक क्षुल्लक ठरतो.

वायू पुढे सोडणाऱ्या सप्रेसरने हा सारा खटाटोप माझ्यापुरता संपवला. ही पद्धत रुजवण्यात युटातल्या हक्सवर्क्स कंपनीचा, म्हणजे पूर्वीच्या ओएसएसचा, वाटा मोठा आहे. पुढे शुअरफायर कंपनीनेसुद्धा बॅफलच्या गाजलेल्या आरसी-२ सप्रेसरनंतर आरसी-३ आणताना मागे येणारा वायू कमी करण्यावरच भर दिला, त्यावरून वारे कुठल्या दिशेचे आहे ते दिसते. माझ्या रायफलीत मूळचा बफर परत घातला, गॅस ब्लॉकला हात लावावा लागला नाही, आणि सप्रेसर असो वा नसो पुंगळ्या जवळजवळ एकाच जागी पडतात. चष्मा आता वेळेआधी पुसावा लागत नाही. कानाला येणारा आवाजही मला सौम्य भासतो, कारण खिडकीतून होणारा फटका उरलेला नाही; मात्र हे उपकरणाने मोजलेले नसून माझ्या उजव्या कानाचे म्हणणे आहे, आणि डावखुऱ्याचा उजवा कान खिडकीकडे उघडा असतो हे लक्षात ठेवून ते वाचावे.

त्याच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. तोंडाशी ज्वाळा अधिक दिसते, आणि आखूड नळीवर ती आणखी उठून दिसते. ज्यांना रात्री नाइट व्हिजनमधून पाहायचे आहे, त्यांच्या दृश्यात दर गोळीला उजेडाचा ठिपका फुलेल. मी थर्मल दुर्बिणीतून रानडुकरे पाहतो, तिथे मला ते खटकले नाही. बाजूला उभ्या असलेल्या माणसाला या सप्रेसरचा आवाज बॅफलच्या सप्रेसरपेक्षा मोठा वाटतो, अशी तक्रार माझ्या सोबत्याने केली आहे आणि ती खोटी नाही. आतल्या वाटा अरुंद आणि वळणाच्या असल्याने साफसफाई कठीण जाते. यातले बरेच नमुने थ्रीडी मुद्रणाने एकसंध घडवलेले असतात, ते उघडता येत नाहीत. हक्सवर्क्सच्या जोडणीचे आटे डावे असतात, ज्यामुळे झाडताना सप्रेसर सैल न होता घट्ट होत जातो. कल्पना उत्तम, पण त्यामुळे प्रत्येक रायफलीला त्याच उत्पादकाचा फ्लॅश हायडर, म्हणजे सप्रेसर ज्यावर चढतो तो नळीच्या टोकाचा भाग, घ्यावा लागतो, आणि हा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरलेला बरा.

ज्यांची रायफल .३०० ब्लॅकआउटची आहे आणि जे मुख्यतः आवाजाहून मंद गोळ्या वापरतात, त्यांना मात्र मी बॅफलचाच सप्रेसर सुचवेन. ते काडतूस आखूड नळीतच दारू जाळून मोकळे होते, त्यामुळे मागे येणारा वायू हा तिथे छळ नसून बोल्ट फिरवायला लागणारा आधार असतो, आणि तो कमी केला तर रायफल अडखळण्याची शक्यता वाढते. गोळीचा कडकडाट नसल्याने तिथे तोंडाजवळचे चार डेसिबलही खरोखर ऐकू येतात. बोल्ट अ‍ॅक्शन रायफलीच्या बाबतीत, जिथे बोल्ट हातानेच उघडावा लागतो, तर हा वादच उद्भवत नाही. उजव्या खांद्यावरून, उघड्या मैदानात, थांबत थांबत गोळ्या झाडणाऱ्याला बॅफलचा सप्रेसर आणि बऱ्यापैकी चार्जिंग हँडल एवढ्यावर कदाचित निभावून नेता येईल, आणि त्याने सोबत्याच्या कानांचा विचार करून तोच घेतला तर मी हुज्जत घालणार नाही. पण ५.५६ची आखूड नळी असेल, झाडणारा डावखुरा असेल किंवा छताखालची रेंज नेहमीची असेल, तर माझा कौल दुसऱ्या घराण्याला आहे. शक्य असल्यास मंजुरीची कागदपत्रे भरण्यापूर्वी एखाद्या परिचिताच्या किंवा दुकानाच्या रेंजवर दोन्ही प्रकार स्वतःच्या खांद्याला लावून, सलग एक मॅगझिन झाडून पाहावे. पहिल्या दोन-तीन गोळ्यांत दोहोंतला फरक कळत नाही, तो मॅगझिनच्या शेवटी डोळे उघडे ठेवता येतात की नाही यावरून कळतो.