नॉर्दर्न आर्च की ब्लू माओमाओ आर्च? पुण्याहून निघण्याआधी ठरवून टाका

मुलगी ऑकलंडला, आई-बाबांचं मे महिन्याचं तिकीट काढलेलं आणि घरात एकाकडे तरी स्कूबाचं कार्ड, अशी घरं बाणेर-कोथरूडात आता शोधावी लागत नाहीत. अशा माणसाने न्यूझीलंडच्या पुअर नाइट्स बेटांना जावं का, हा प्रश्नच नाही, जावंच. प्रश्न कमानीचा आहे. टुटुकाका बंदरातून निघालेली बोट दिवसभरात साधारण दोन डाइव्ह देते, कुटुंबाच्या सहलीतून असा दिवस बहुधा एकच सुटतो आणि ज्यांच्यासाठी लोक एवढ्या लांब जातात त्या नावाजलेल्या कमानी दोन आहेत. दोन्ही एकाच दिवशी पदरात पडतील असं धरून चालू नये. कुठे नांगर टाकायचा हे लाटा आणि वारा बघून कप्तान ठरवतो. पण बोटीवर काय मागायचं ते आपलं ठरलेलं असलं तर निदान शब्द टाकता येतो.

बेटांची ओळख थोडक्यात उरकतो. किनाऱ्यापासून सुमारे २३ किलोमीटरवरची ही बेटं आपल्या सह्याद्रीसारखी काळ्या बेसाल्टची नाहीत, रायोलाइट या फिक्या रंगाच्या ज्वालामुखी खडकाची आहेत. हिमयुगात समुद्राची पातळी खाली होती तेव्हा लाटांनी जे पोखरलं ते आज पाण्याखाली गेलं आहे, म्हणून इथे गुहा आणि कमानी इतक्या. १९८१ साली सागरी राखीव क्षेत्र जाहीर झालं, १९९८ पासून मासेमारी पूर्ण बंद आहे आणि हद्द बेटांभोवती ८०० मीटरपर्यंत जाते. बेटांवर पाय ठेवायला मनाई आहे. त्यामुळे जेवण, कपडे बदलणं, दोन डाइव्हमधली विश्रांती, सगळं बोटीवरच.

नॉर्दर्न आर्चचं नाव मोठं आहे आणि ते उगाच नाही. दोन्ही बाजूंना सरळ उभ्या भिंती, त्या खाली ४० मीटरच्या आसपास जातात. भिंतींवर ज्वेल अ‍ॅनिमोन (फुलांसारखे दिसणारे छोटे रंगीत सागरी जीव) आणि स्पंज यांची इतकी दाटी की टॉर्च लावला की रंग उसळून येतात. टॉर्च नसेल तर तीच भिंत राखाडी दिसते, तेव्हा टॉर्च न्याच. पण खरं आकर्षण म्हणजे शॉर्ट-टेल स्टिंगरे. ऐन उन्हाळ्यात, म्हणजे तिथल्या जानेवारी ते मार्चमध्ये, ते या कमानीत जमतात आणि प्रवाहाला तोंड करून मधल्या पाण्यात थरावर थर तरंगत राहतात. या जातीच्या पंखांची रुंदी दोन मीटरपर्यंत जाते. कमानीच्या उजेडावर त्यांच्या काळ्या आकृत्या बघितल्या की माणूस हिशेब विसरतो.

आणि इथे हिशेब विसरून चालत नाही. १२ लिटरचा सिलिंडर, २०० बार (बार हे दाबाचं एकक), म्हणजे २४०० लिटर हवा. ५० बार राखीव ठेवले की उरतात १८००. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा लागत असेल तर ३० मीटरवर ८० लागणार, म्हणजे २२ मिनिटं, आणि त्यातच उतरणं-चढणं आलं. नो-डेकोची मर्यादा, म्हणजे वर येताना सक्तीचे थांबे न घेता खाली राहता येईल तेवढा वेळ, तक्त्याप्रमाणे ३० मीटरला २० मिनिटं. थंडीने श्वास वाढून २० चे २५ झाले, आणि सवय नसलेल्या अंगाला ते होतंच, तर २२ ची १८ होतात. नायट्रॉक्स ३२ (३२ टक्के ऑक्सिजनची हवा) घेतलं तर ३० मीटरचा हिशेब हवेवरच्या २५ मीटरसारखा होतो आणि नो-डेको २९ मिनिटांवर जातो. पण त्याने सिलिंडरमधला गॅस वाढत नाही. शिवाय ऑक्सिजनचा दाब १.४ बारच्या वर जाऊ द्यायचा नाही, त्या हिशेबाने त्याची मर्यादा ३३ मीटर आणि इथे तळ ४० वर. नुसत्या ओपन वॉटर, म्हणजे पहिल्या पायरीच्या कार्डवर तर १८ मीटरच्या वरच राहायचं, मग रे खाली आणि आपण वर. तेही वाईट नाही, पण त्यासाठी एवढा हट्ट कशाला?

तरीही गॅस हे माझ्या मते खरं कारण नाही. गॅसचं नियोजन होतं. माझा काटा ज्या गोष्टीने दुसरीकडे झुकला ती अगदी साधी आहे: भाड्याचा सूट.

पुण्यातल्या बहुतेकांचं डायव्हिंग मालवण, नेत्राणी, अंदमान. पाणी २७-२८ अंश, अंगात ३ मिलिमीटरचा सूट किंवा नुसता रॅशगार्ड, खाली जाता यावं म्हणून कमरेला चार किलो शिसं. पुअर नाइट्सचं पाणी ऐन उन्हाळ्यातही २१-२२ अंशांच्या आसपास आणि ऑगस्ट-सप्टेंबरात १५ कडे उतरलेलं. तिथे भाड्याने ७ मिलिमीटरचा सूट मिळतो, बहुधा दोन थरांचा: खाली बिनबाह्यांचा आणि वर जॅकेट, शिवाय हुड. तो तरंगतो जोरात, म्हणून कमरेला आठ ते बारा किलो शिसं लागतं. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पुढे काय होतं ते खाली गेल्यावर कळतं.

हे सूट निओप्रीनचे, आणि निओप्रीन म्हणजे रबरात अडकलेले गॅसचे बुडबुडे. १० मीटरवर दाब दुप्पट होतो आणि बुडबुडा साधारण निम्मा, ३० मीटरवर दाब चौपट आणि बुडबुडा जेमतेम पाव. ३ मिलिमीटरच्या सूटमध्ये हा फरक किरकोळ असतो, बीसीडीत, म्हणजे हवा भरून तरंग सांभाळायच्या जॅकेटात, दोनदा हवा दिली की मिटतो. ७ मिलिमीटरच्या दोन थरांत तोच फरक काही किलोंचा होतो. वर तरंगवणारा सूट खाली चपटा होतो आणि कमरेचं शिसं आहे तेवढंच राहतं. नॉर्दर्न आर्चमध्ये खाली डोळ्यांना धरायला जवळ तळ नाही. नजर वर, रेंवर. म्हणजे माणूस २२ वर थांबतो, वर बघत राहतो, मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरकडे नजर जाते तेव्हा २७ झालेले असतात. मग इन्फ्लेटर, म्हणजे बीसीडीत हवा भरायचं बटण, दाबायचा. हवा जरा जास्त गेली, दोन-तीन मीटर वर सरकलो, की बीसीडीतली हवाही फुगते आणि सूटही फुगतो. मग सोडा हवा. परत खाली. डाव्या हाताचं बोट बटणावरून हलतच नाही आणि डाइव्ह त्या बटणाचीच होऊन बसते. कमानीतून पाणी दाबून जातं, त्यामुळे प्रवाहही असतो, त्यात हे. शिवाय चपटा झालेला सूट गरमही ठेवत नाही, आणि थंडीने श्वास वाढतो तो वेगळाच.

रेंच्या बाबतीत याचा आणखी एक तोटा आहे. रेंच्या खाली गेलेल्या माणसाचे बुडबुडे थेट त्यांच्या पोटावर आदळतात आणि थर विस्कटतो. त्यांच्या पातळीत, भिंतीच्या बाजूने, हळू श्वास घेत थांबायचं असतं. नेमकं तेच या सूटमध्ये कठीण. ज्यांच्याकडे स्वतःचा, अंगाला बसलेला ड्रायसूट (आत पाणी न शिरू देणारा सूट) आहे आणि त्याची सवय आहे त्यांना हे सगळं लागू नाही. पण पुण्यात राहून ड्रायसूट बाळगणारे किती?

ब्लू माओमाओ आर्च उथळ आहे, तळ दहा-पंधरा मीटरवर, मोठमोठ्या दगडांचा. वरचं गणित इथे करून बघा: १२ मीटरवर मिनिटाला ४४ लिटर, म्हणजे त्याच १८०० लिटरमध्ये ४० मिनिटं. नो-डेको १४७ मिनिटं, त्याचा विचारच करायला नको. सूट इथेही चपटा होतो, पण निम्म्यावर येऊन थांबतो, आणि मीटरभर वर-खाली झालं तर खालचे दगड लगेच सांगतात. पहिली पाच मिनिटं उत्प्लावकता, म्हणजे तरंगण्या-बुडण्याचा तोल, जुळवण्यात जातात, पुढची पस्तीस बघण्यात. नॉर्दर्नला हे प्रमाण उलट नसलं तरी निम्मं-निम्मं नक्की असतं.

बघायचं काय? नावाप्रमाणे निळे माओमाओ, शेकड्यांनी. प्लवकांवर जगणारा हा मासा कमानीत दाट थव्याने उभा असतो आणि दोन्ही तोंडांनी येणारा उजेड त्यांच्या पाठींवर पडतो. भराभर पाय मारत थव्यात शिरलं तर तो ढोलपथकाला मिरवणुकीत वाट करून द्यावी तसा दुभंगतो आणि हाती रिकामं पाणी लागतं. भिंतीजवळ, एखाद्या दगडाच्या आडोशाला, पायातले फिन न हलवता तीन-चार मिनिटं थांबायचं. थवा आपोआप भोवती मिटतो. फोटो काढणार असाल तर फ्लॅश बंद ठेवा. पाण्यातले कण उजळतात आणि निळं जातं. उजेडाच्या तोंडाकडे कॅमेरा धरून उघडिपीवर एक्स्पोजर बांधा, मासे काळे आले तर येऊ द्या. भिंतीच्या भेगांत मोरे ईल आणि न्यूडिब्रँक (बिनशंखाच्या रंगीत सागरी गोगलगाई) शोधायला मात्र छोटा टॉर्च हवा.

इथे त्रास नाही असं नाही. उथळ असल्यामुळे लाटेचा झोका थेट जाणवतो, एक-दीड मीटर पुढे, तेवढंच मागे. त्याच्याशी झगडायचं नाही. मागे येताना पाय थांबवायचे, पुढे जाताना एकच किक. हे जमलं नाही तर गॅस नॉर्दर्नइतकाच संपतो. गर्दीही असते, स्नॉर्केल करणारे वरून येतात-जातात, आणि आपल्या आधीच्या गटाने घुसळलं असेल तर मासे बाहेर गेलेले असतात. बोटीवरून पहिल्यांदा उतरणाऱ्या गटात राहण्यासाठी सूट आधीच अर्धा चढवून ठेवावा.

मोसमाचा मुद्दा पुणेकरांसाठी जवळजवळ निकाल देणारा आहे. आपल्या सुट्ट्या दोन, दिवाळी आणि मे. दिवाळीत तिथे वसंत असतो, पाणी अजून थंड आणि प्लवकांच्या बहराने गढुळलेलं. मे महिन्यात पाणी १८ च्या आसपास, स्वच्छ होत चाललेलं, पण रेंचे उन्हाळी थवे पांगलेले. नॉर्दर्न आर्च तेव्हाही देखणीच असते, फक्त तिचं मुख्य पात्र हजर असेलच असं नाही. माओमाओ बारमाही.

कोणतीही घेतली तरी शिशाचं आधी बघा. भाड्याचा सिलिंडर बहुतेकदा स्टीलचा असतो. आपल्याकडचा अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर शेवटी हलका होऊन तरंगायला लागतो, स्टीलचा नाही, म्हणून ७ मिलिमीटरसाठी सांगितलेल्या शिशातून दोनेक किलो कमी होऊ शकतात. बोटीच्या शिडीशी पाण्यात उतरून बीसीडी पूर्ण रिकामी करा आणि नेहमीसारखा श्वास धरा. पाणी डोळ्यांच्या पातळीला आलं पाहिजे. सिलिंडर भरलेला असेल तर या चाचणीत जेवढं जुळेल त्यावर दोन किलो ठेवा, कारण १५० बार हवा वापरली की साधारण तेवढं वजन कमी होतं. शिसं सगळं पट्ट्यात नको. बारापैकी तीन-चार किलो बीसीडीच्या खिशात किंवा सिलिंडरच्या पट्ट्यावर गेलं की कंबर खाली आणि पाय लोंबकळते, हा प्रकार थांबतो.

पुण्यात करता येण्यासारखी तयारी एकच. ओळखीच्या इन्स्ट्रक्टरकडून जाड सूट मिळवून तलावाच्या खोल बाजूला हुडसकट तासभर घालवणं. टिळक टँकमध्ये पोहायला शिकलेल्या माणसालाही पहिल्यांदा हुड घातल्यावर गळा आवळल्यासारखं होतं, आणि ते समुद्रात कळण्यापेक्षा तलावात कळलेलं बरं.

स्वतःचे बूट, फिन आणि मास्क नेणार असाल तर धुऊन, पूर्ण वाळवून न्या आणि न्यूझीलंडच्या प्रवेशाच्या डिक्लेरेशन फॉर्मवर वापरलेलं सामान म्हणून लिहा. न्यूझीलंडचे जैवसुरक्षा अधिकारी बूट उलटे करून बघतात. त्यात मालवणची वाळू निघाली तर ते साफ करायला घेतील, पण फॉर्मवर लिहिलंच नसेल तर जागेवर ४०० डॉलर दंड. परतीचं विमान शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तासांनी असावं.

फेब्रुवारीत जाणार असाल, अ‍ॅडव्हान्स्ड (ओपन वॉटरच्या पुढचं) कार्ड असेल आणि गेल्या वर्षभरात जाड सूटमध्ये २५ मीटरच्या खाली गेला असाल, तर नॉर्दर्न आर्च सोडू नका. ती पहिली डाइव्ह म्हणून मागा, कारण खोल आधी आणि उथळ नंतर. मग दुसरीसाठी कप्तान माओमाओकडे वळला तर उत्तमच. बाकीच्यांनी बुकिंग करतानाच शेवटच्या डाइव्हची तारीख आणि खोली खरी सांगावी आणि ब्लू माओमाओ आर्चचं नाव घ्यावं. वारा प्रतिकूल असेल तर मिडल आर्च चालेल असंही सांगून ठेवावं. तिचा तळ वीस मीटरच्या आसपास आहे, आणि भाड्याच्या सूटला तेवढी खोली अजून सोसते.