जिभाऊंचा वीडर, माझी घाई आणि रंग मारलेलं इंजिन

नवीन म्हणून जुनंच इंजिन रंग मारून एकाने माझ्या गळ्यात मारलं. 13,000 रुपये गेले. पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण ज्या वीडरसाठी, म्हणजे तण काढायच्या यंत्रासाठी, ते इंजिन घेतलं तो वीडर माझा नव्हता. गावातल्या जिभाऊंनी विश्वासाने वापरायला दिलेला होता. कोळपणीच्या दिवसांत आपल्या खानदेशात घरोघरी असं चालतं. एकाचा वीडर, दुसऱ्याचा फवारा, तिसऱ्याची मोटार. अशी आणलेली वस्तू हातात असताना बिघडली की माणूस कसा सैरभैर होतो आणि त्या वेळी कोण कसा टपलेला असतो, हे मी भोगलं आहे. म्हणून कुठलीही गोष्ट न लपवता लिहितो.

अमळनेर तालुक्यात बोरीच्या काठी माझी साडेतीन एकर काळी जमीन आहे. बैलजोडी दोन वर्षांपूर्वी विकली. यंदा ठिबकवर मेअखेर कपाशी लावली, आणि जुलैत अशी झड लागली की आठ दिवस शेतात पाय ठेवता आला नाही. वाफसा झाला तेव्हा तासांमध्ये गवत गुडघ्याला लागत होतं. निंदायला बाया मिळेनात, सगळ्यांचीच घाई. जिभाऊंनी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास नवा पॉवर वीडर घेतला होता, 7 हॉर्सपॉवरचा, पेट्रोलवर चालणारा. मी विचारायच्या आधी तेच म्हणाले, ‘लई जाय भाऊ. फक्त आइल दखत जाय.’ म्हणजे घेऊन जा, फक्त ऑइल बघत जा. आणि दुसऱ्या दिवशी ते लेकीकडे सुरतला गेले, आठ-दहा दिवसांसाठी.

ऑइल मी पाहिलं होतं, पण चुकीच्या पद्धतीने पाहिलं. वीडर बांधावर तिरका उभा होता. ऑइलच्या झाकणाला जी काडी असते ती मी पुसली, झाकण पूर्ण आवळलं, मग काढून पाहिलं. काडीला ऑइल लागलेलं दिसलं, समाधान झालं. नंतर मिस्त्रींनी समजावलं की अशा इंजिनात काडी नुसती आत टेकवायची असते, आटे फिरवायचे नसतात. आवळली की ती जास्त खोल जाते आणि ऑइल कमी असूनही भरलेलं दिसतं. शिवाय मशीन सपाट जागेवर हवं. या इंजिनात ऑइल मावतंच मुळी 600 मिली. ते वर चढवायला पंप नसतो. कनेक्टिंग रॉडच्या खाली एक छोटा चमचा असतो, तो फिरताना ऑइल उडवतो आणि त्या शिंतोड्यांवर सगळं इंजिन चालतं. ऑइल थोडं कमी आणि जमीन उताराची असली, की चमचा कोरडाच फिरतो. माझं नाल्याकडचं शेत उताराचं आहे. दुपारी दोनच्या सुमारास आतून खटखट असा आवाज आला, एक झटका बसला आणि इंजिन बंद. दोरी ओढली तर दोरी हलेना.

तिथेच तासात बसलो. घरी आलो तेव्हा बायको म्हणाली, ‘आत्ताच्या आत्ता जिभाऊंना फोन लावा आणि सांगून टाका.’ मी लावला नाही. माणूस परगावी, लेकीच्या घरी, त्याला काय म्हणून त्रास द्यायचा, असं मी तिला सांगितलं. खरं कारण ते नव्हतं. मला तोंड दाखवायची लाज वाटत होती. ते यायच्या आत नवं इंजिन बसवून मशीन त्यांच्या ओट्याजवळ उभं करायचं, असं मी मनात ठरवून टाकलं. इथून पुढचं सगळं त्या एका न लावलेल्या फोनमुळे घडलं.

शेतकऱ्यांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाचा मेसेज नेहमी फिरायचा. वीडरचं, फवाऱ्याचं, पंपाचं इंजिन, कंपनी पॅक, सहा महिने गॅरंटी, एका तासात बसवून मिळेल. त्याला फोन केला. तो फार गोड बोलला. मॉडेल विचारलं, मी सांगितलं 170. मग त्याने विचारलं, ‘मशीन तुमचंच ना दादा?’ आणि मी मूर्खासारखं सगळं सांगून बसलो. मशीन दुसऱ्याचं आहे, मालक गावी नाही, आठवड्यात येणार आहेत. तो म्हणाला, ‘मग काही टेन्शन घेऊ नका. मालकाला कळणारसुद्धा नाही.’ तेव्हा ते ऐकून मला आधार वाटला होता. आज कळतं की त्याला त्याच वेळी समजलं होतं: हा माणूस चार ठिकाणी चौकशी करणार नाही, मालकाला सोबत आणणार नाही, उद्याच येईल आणि नंतर बोभाटाही करणार नाही.

छोट्या टेम्पोत वीडर टाकून दुसऱ्या दिवशी गेलो. हायवेलगत एक पत्र्याचा गाळा, वर पाटी नाही. त्याने इंजिन टेबलावर काढून ठेवलेलं होतं. लालभडक रंग, वर 170 आणि 212 सीसी लिहिलेलं चकचकीत स्टिकर. खोका कुठे विचारलं तर म्हणाला, ‘कालच फोडला, तुमच्यासाठी ट्रायल घेतली.’ एका ओढीत इंजिन सुरू करून दाखवलं. मी खूश झालो. सायलेन्सरजवळ हात नेला तेव्हा तो आधीच गरम लागला होता, पण ट्रायल घेतली म्हणतो तर असेल, असं मनाशी म्हटलं. ऑइलही भरून तयार होतं. माझ्या जुन्या इंजिनाचं ऑइल त्याने ताटलीत सोडलं, त्यात अ‍ॅल्युमिनियमचे दोन तुकडे निघाले. ते बोटाने दाखवत म्हणाला, ‘ब्लॉक गेला दादा, हे आता भंगार.’ हेड खोलून काहीच पाहिलं नाही. नव्याचे 14,500 आणि जुनं इथेच ठेवून गेलात तर 13,000. मी जुनं ठेवून दिलं. चार बोल्ट, बेल्ट, एक्सलेटरची तार, चाळीस मिनिटांत बसवून मोकळा.

पावती मागितली तर वहीचं पान फाडून त्यावर ‘इंजिन 1 नग, 13,000 मिळाले’ असं लिहिलं. दुकानाचं नाव नाही, शिक्का नाही, इंजिन नंबर नाही. पक्कं बिल हवं असेल तर टॅक्स वेगळा लागेल म्हणाला. पैसे मोबाइलवरून पाठवले तेव्हा स्क्रीनवर भलत्याच माणसाचं नाव आलं. विचारलं, तर म्हणे मेहुण्याचं खातं आहे.

पहिला दिवस नीट गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिन वीस-बावीस ओढींनी सुरू झालं. तिसऱ्या दिवशी सायलेन्सरमधून निळसर धूर. पाती काळ्या मातीत जरा खोल गेली की इंजिन दबायचं, बंद पडायचं. चौथ्या दिवशी काडी पाहिली, या वेळी नीट सपाट जागेवर, तर ऑइल निम्म्यावर आलेलं.

आमच्या गावाजवळ एक म्हातारे मिस्त्री आहेत, ऑइल इंजिनांच्या काळापासून हेच काम करतात. त्यांनी पहिल्यांदा नखाने टाकीखालची कड खरवडली. लाल रंग पापुद्र्यासारखा निघाला आणि खालून पिवळा रंग दिसला. मग बोल्टांकडे बोट दाखवलं. बोल्टांवर रंग, गॅस्केटच्या कडेवर रंग, प्लगच्या बुडाशी रंग. कंपनीत सुटे भाग आधी रंगतात, मग जोडतात. इथे जोडलेल्या इंजिनावरच फवारा मारला होता. त्यांनी हेडचे चार बोल्ट काढले. सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे, नख अडकेल इतके. मग व्हर्निअर, म्हणजे व्यास मोजायची मोजपट्टी, आत धरून म्हणाले, ‘वाच.’ 68 मिलिमीटर होतं.

हा 68 आकडा मी कधी विसरणार नाही. या इंजिनांच्या नावात 1 म्हणजे एक सिलिंडर आणि पुढचे दोन आकडे म्हणजे सिलिंडरचा व्यास. 170 असेल तर 70 मिलिमीटर, 212 सीसी. 168 असेल तर 68 मिलिमीटर, 196 सीसी. बाहेरून दोन्ही जवळजवळ सारखी दिसतात, खालच्या चार बोल्टांची छिद्रंही जुळतात, म्हणून एकाच्या जागी दुसरं सहज बसतं आणि आपल्याला कळत नाही. म्हणजे मला जुनं इंजिन तर दिलंच, वर लहानही दिलं. स्टिकर मात्र मोठ्याचं.

मिस्त्रींनी त्या दिवशी जे सांगितलं ते सगळ्यांना उपयोगी पडेल. अशी नवी इंजिनं खोक्यातून येतात तेव्हा ती कोरडी असतात, ऑइल आपल्याला भरावं लागतं. ‘नव्या’ इंजिनात आधीच ऑइल असेल, आणि तेही काळं, तर तिथूनच परत फिरा. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवून पाहा, नव्या इंजिनाला काजळी नसते. इंजिन आपल्यासमोर थंड असताना सुरू करायला लावा. आधीच तापवून ठेवलेलं इंजिन एका ओढीत सुरू होतं आणि पिस्टनच्या रिंगा गेलेल्या लपून जातात. नंबर स्टिकरवरचा पाहू नका, धातूवर ठोकलेला पाहा आणि तोच बिलावर लिहून घ्या. बिलावर जीएसटी नंबर असेल तर तो 15 अक्षरी असतो, आपल्या महाराष्ट्राचा 27 ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की दुकानाचं नाव लगेच दिसतं. पैसे त्याच नावाच्या खात्यात टाका, मेहुण्याच्या नाही. आणि जुनं इंजिन घरी आणा. कितीही भंगार म्हणोत, हजार-दीड हजार सोडा, पण जुनं इंजिन घरी आणा.

कारण जिभाऊ परत आले. त्याच संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यावर जाऊन पायांशीच बसलो आणि सगळं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘तुले तं काही लागनं नही ना?’ मी मान हलवली. ‘मंग फोन काबर (का) नही करा?’ मला उत्तर देता आलं नाही. उठून आत गेले आणि पत्र्याच्या पेटीतून एक पिशवी आणली. त्यात वीडरचं पक्कं बिल, त्यावर इंजिन नंबर, मॅन्युअल, सगळं जपून ठेवलेलं. त्यांनी तिथूनच विक्रेत्याला फोन लावला. त्याने सांगितलं की ऑइल कमी असल्यामुळे झालं असेल तर वॉरंटीत बसणार नाही, पण बहुतेक वेळा रॉड तुटतो, ब्लॉक वाचतो. रॉड, रिंगा, गॅस्केट आणि मजुरी धरून साडेतीन-चार हजारांत काम होईल, जुनं इंजिन घेऊन या.

जुनं इंजिन माझ्याकडे नव्हतं.

मी आणि जिभाऊ दोघं त्या गाळ्यावर गेलो. तो माणूस मला ओळखतच नव्हता. वहीचं पान दाखवलं, तर म्हणाला यावर माझं नाव कुठे आहे. जुनं इंजिन परत मागितलं, तर भंगारात गेलं. फार बोललो तेव्हा आजूबाजूचे चार जण गोळा झाले, त्याच्याच ओळखीचे. जिभाऊंनी माझा हात धरून मला बाहेर आणलं. त्यांच्या वयाच्या माणसाला माझ्यापायी तिथे ऐकून घ्यावं लागलं, ते मला पैशांपेक्षा जड गेलं.

1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, पण पहिला प्रश्न बिलाचाच आला. मग तालुक्यातल्या एका वकिलांना भेटलो. त्यांनी फी घेतली नाही. त्यांच्याकडून कळलं की 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, विकणाऱ्याच्या जिल्ह्यात खेटे घालावे लागत नाहीत. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही, वकीलच लावावा अशी सक्ती नाही, आणि मुदत दोन वर्षांची. स्वतःच्या पोटापाण्यासाठी वस्तू घेणारा शेतकरीही ग्राहकच धरला जातो. मोबाइलवरच्या पैशांची नोंद, फोनचे तपशील, ग्रुपवरच्या मेसेजचे फोटो, मिस्त्रींचं लिहून घेतलेलं म्हणणं आणि ते उघडलेलं 68 चं इंजिन, एवढं माझ्याकडे आहे. जळगावच्या जिल्हा आयोगात तक्रार दिली आहे.

जिभाऊंच्या वीडरला आता पक्क्या बिलाचं नवं इंजिन आहे, 16,000 रुपयांचं. त्यांनी अर्धे पैसे देऊ केले होते, मी घेतले नाहीत. कापूस विकला की उसने फेडीन.

श्रावणातल्या कानबाईच्या सणाच्या आदल्या दिवशी जिभाऊंचा फोन आला, लगेच ये म्हणून. त्यांच्या मुलाने मोबाइलवर एक फोटो उघडून माझ्यापुढे धरला. दुसऱ्याच एका ग्रुपवर इंजिन विकायला आलं होतं, लालभडक, ‘कंपनी पॅक, सहा महिने गॅरंटी’. जिभाऊंनी चष्मा लावून बोटाने फोटो मोठा केला. दोरीच्या झाकणाचा डावीकडचा एक स्क्रू पडला होता म्हणून त्यांनी जूनमध्ये तिथे तांब्याची तार पिळून बांधली होती. फोटोत ती तार होती. तिच्यावरही लाल रंग बसला होता, फक्त पीळ दिसत होता.

तो फोटोही आम्ही तक्रारीला जोडला आहे.