पहिला ट्रेक कुणाबरोबर: संस्था, बॅच की आपली चौकडी?

ट्रेकला नेणाऱ्या कुणालाही पैसे पाठवण्याआधी एक विचारा: सगळ्यांच्या मागे कोण चालणार आहे? दमलेला, पाय मुरगळलेला, पहिल्यांदाच आलेला माणूस मागेच असतो, आणि पहिल्या ट्रेकला तो माणूस बहुधा तुम्हीच असता.

मुंबई-पुण्याच्या माणसाला सह्याद्रीत जायचे आज तीन मार्ग आहेत. एक, गिरिभ्रमण करणाऱ्या जुन्या संस्था, ज्या हौसेवर आणि वर्गणीवर चालतात. दुसऱ्या, शनिवार-रविवारच्या व्यावसायिक बॅचेस, ज्यांच्या जाहिराती मोबाइलवर रोज दिसतात. आणि तिसरा, चार मित्र मिळून गावातला वाटाड्या घेऊन जाणं. मी तिन्ही प्रकारे फिरलो आहे. माझा कौल संस्थेला आहे हे आधीच सांगतो.

पैशाचं पटकन उरकू. बॅचबरोबर एका दिवसाच्या ट्रेकला साधारण 800 ते 1500 रुपये जातात, त्यात बस, नाश्ता, जेवण आलं. संस्थेत लोकल, एसटी किंवा सहाआसनीचा जो खर्च होईल तो वाटून घेतात, त्यामुळे बरंच कमी लागतं. डबा मात्र घरून. चौघांनी जाल तर गाडीचं पेट्रोल, वाटाड्याचे पैसे आणि गावातलं पिठलं-भाकरीचं जेवण धरून आकडा बॅचच्या आसपासच येतो.

खरा फरक डोंगरावर कळतो. संस्थेबरोबरच्या माझ्या दुसऱ्या-तिसऱ्या ट्रेकला राजगडावरून चोर दरवाजाने उतरताना माझ्या बुटाचा तळ सुटला. अर्धा लोंबत होता, पाऊल टाकलं की दुमडायचा. मागे चालणारे काका साठीचे होते. त्यांनी सॅकच्या वरच्या खणातून सुतळीचा गुंडा काढला, बुटाच्या नाकापासून घोट्यापर्यंत आठच्या आकड्यात वेढे घेतले, गाठ बाहेरच्या बाजूला मारली आणि म्हणाले, "गुंजवण्यापर्यंत टिकते. घाई करू नकोस, मी आहे." तिथून खाली पायथ्याच्या गुंजवणे गावापर्यंत दोन तास ते माझ्याच चालीने चालले. जाता जाता कारवी दाखवली. ती सात वर्षांनी एकदा फुलते आणि तिच्याच काठ्यांच्या कुडाला शेणमाती लिंपून इथल्या घरांच्या भिंती उभ्या राहतात, हे मला त्या उतारावर कळलं. खाली पोचलो तेव्हा सगळे चहा पिऊन बसले होते, आणि एकानेही घड्याळाकडे पाहिलं नाही.

संस्थेत हे असं शिकायला मिळतं. ट्रेकच्या आधी बैठक होते, नकाशा पसरतात, सॅकमध्ये काय घेणार ते विचारतात. अत्तर-डिओ लावून येऊ नका, कड्यावर आग्या मोहोळ असतं, हे बजावतात. लीडरपैकी काहींनी उत्तरकाशी किंवा दार्जिलिंगच्या संस्थेत गिर्यारोहणाचा कोर्स केलेला असतो. पुण्याच्या गिरिप्रेमीसारखी 1982 ची संस्था सह्याद्रीतूनच वर चढत 2012 मध्ये एव्हरेस्टपर्यंत गेली. पुढे कधी हिमालयात जायचं मनात असेल, तर पाया इथेच घडतो.

उणीव आहेच. संस्थांचं वेळापत्रक महिन्या-दोन महिन्यांचं असतं, ऐनवेळी जागा मिळत नाही. जुनी मंडळी आपापसात रमतात, नव्याला पहिले दोन ट्रेक थोडं परकं वाटतं. शिस्तही कडक असते. पाचची गाडी म्हणजे पाचचीच.

बॅचची सोय मात्र मोठी. शुक्रवारी ठरवलं आणि शनिवारी रात्री बसमध्ये बसलं, असं जमतं. शहरात नवीन आलेल्या, ओळखीपाळखी नसलेल्या माणसाला सोबत मिळते, आणि काही आयोजक खरोखर जबाबदारीने काम करतात. पण मी एका बॅचबरोबर पावसाळ्यात खिरेश्वरहून हरिश्चंद्रगडावर गेलो होतो. माणसं साठच्या वर, लीडर दोन, दोघंही पुढे. तोलार खिंडीतलं व्याघ्रशिल्प बघायला आम्ही सहाजण थांबलो, तेवढ्यात रांग पुढे गेली. वर पठारावर धुकं असं दाटलं की दहा पावलांवरचं दिसेना. पायवाटा फुटत होत्या, हाका मारल्या तर उत्तर नाही. जवळजवळ तासभर आम्ही एका दगडापाशी बसून राहिलो. शेवटी गुराख्याचा एक पोरगा आला आणि त्याने आम्हाला देवळापर्यंत नेलं. आम्ही सहाजण कमी आहोत, हे तोवर कुणी मोजलंच नव्हतं.

म्हणून बॅच निवडणार असाल तर माणसं किती आणि लीडर किती, मागे कोण, हे लेखी विचारा. राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकाला पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. तो क्रमांक मागा. क्रमांक द्यायला टाळाटाळ झाली तर पैसे भरू नका. आणि पावसाळ्यातल्या रविवारी हरिहरच्या उभ्या पायऱ्या किंवा कळसूबाईच्या लोखंडी शिड्या तरी नकोच. तिथे चढणाऱ्या-उतरणाऱ्यांची कोंडी होते आणि निसरड्या जागी ताटकळत उभं राहावं लागतं.

चौकडीने जाण्यातलं सुख वेगळंच आहे. पाचनई किंवा रतनवाडीसारख्या गडाच्या पायथ्याच्या गावात उतरायचं, एखाद्या घरी जेवण सांगायचं, तिथल्याच दादांना बरोबर घ्यायचं. कुठल्या टाक्यातलं पाणी पिण्याजोगं, ढोरवाट कुठली आणि माणसांची कुठली, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. पैसा गावात राहतो. फक्त चौघांपैकी एकाला तरी डोंगराची सवय हवी. वाटाड्या वाट दाखवतो, पण तुमच्या मित्राचं पाणी संपलंय आणि त्याला उन्हाचा त्रास होतोय, हे ओळखणारा माणूस तुमच्यातलाच असावा लागतो. ती नजर वर्षभर संस्थेबरोबर फिरल्यावर येते.

तेव्हा क्रम असा ठेवा: पहिलं वर्ष संस्था, मग चौकडी, आणि अडीअडचणीला नीट चौकशी केलेली बॅच. चाळिशी-पन्नाशीत सुरुवात करणाऱ्यांनी तर संस्थेशिवाय दुसरा विचार करू नये, कारण तिथे तुमच्या वयाचे लोक रोजच्यासारखे चढताना दिसतात. पुणेकरांनी आधी दोन-तीन रविवार आतकरवाडीतून सिंहगड चढून आपला दम बघावा. पहिला ट्रेक डिसेंबरातला राजमाची घ्या, लोणावळ्याहून. जवळपास 15 किलोमीटरची चाल आहे, पण वाट बहुतेक सपाट, आणि शेवटी उधेवाडीत गरम जेवण मिळतं. पाणी दोन-तीन लिटर घ्या. नवे बूट आदल्या दिवशी आणू नका. आठवडाभर वापरून मगच निघा. आणि सॅकच्या वरच्या खणात सुतळीचा एक गुंडा टाका.