स्टॅन स्मिथ सहा महिने वापरले, आणि त्या मिशीची गोष्ट

आदिदासचे स्टॅन स्मिथ, पांढरे, टाचेला हिरवी पट्टी. सहा महिने झाले वापरतोय, ऑफिसला पण आणि रविवारी पर्वती चढायला पण, म्हणून आता लिहितोय. आधीच सांगतो, टेनिस खेळायला म्हणून घेऊ नका. जन्म कोर्टावरचाच आहे पण आता हा रोजच्या चालण्याफिरण्याचा बूट झालाय, आणि त्यासाठी मी तरी याच्यापेक्षा चांगला बूट घातलेला नाही.

कडेला आदिदासचे ते तीन पट्टे नाहीत, त्यांच्या जागी बारीक भोकांच्या तीन रांगा आहेत, लांबून कळत पण नाही, बोट फिरवलं की लागतात. आणि लेसखाली जी जीभ असते तिच्यावर एका माणसाचा चेहरा आणि सही. माझ्यासाठी ते फक्त डिझाइन होतं. एकदा बूट दारात काढून ठेवले होते, काका आले (वय ७४), त्यांनी एक बूट उचलला, चष्मा कपाळावर चढवला, अगदी डोळ्यांजवळ नेऊन बघितला आणि म्हणाले, "अरे, ह्याची मिशी कुठे गेली?"

मग चहा होईपर्यंत आणि झाल्यावरही काका बोलतच होते आणि नंतर मी पण बसून बरंच वाचून काढलं. बुटावरचा तो चेहरा म्हणजे अमेरिकन टेनिसपटू स्टॅन स्मिथ, कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिनाचा, जन्म १९४६, सहा फूट चार इंच उंच. लहानपणी डेव्हिस कपच्या (देशादेशांच्या टीमची टेनिस स्पर्धा) मॅचला बॉलबॉय व्हायला गेला तर हा धांदरट आहे म्हणून घेतलं नाही, आणि पुढे याच पोराने अमेरिकेच्या टीमबरोबर सात वेळा डेव्हिस कप जिंकला! १९७१ला यूएस ओपन, तेव्हा तो लष्करात नोकरीला होता. १९७२ला विम्बल्डन, पावसामुळे फायनल रविवारवर गेली, तिथली ती पहिली रविवारची फायनल, समोर रुमानियाचा इली नास्तासे. पहिला सेट गेला, पुढचे दोन घेतले, चौथा परत गेला आणि पाचवा ७-५. काका तेव्हा कॉलेजात होते, पेपरात आलेला मिशीवाला फोटो त्यांच्या अजून डोळ्यासमोर आहे. बॉब लुट्झबरोबर डबल्समध्ये यूएस ओपन चार वेळा जिंकलंय ते वेगळंच.

१९७२लाच डेव्हिस कपची फायनल बुखारेस्टला, म्हणजे नास्तासेच्या घरात, लाल मातीवर. लाइनवरचे पंच यजमानांच्या बाजूने निर्णय देत होते यावर तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. स्मिथने पहिल्या दिवशी नास्तासेला हरवलं आणि नंतर त्यांच्याच टीममधल्या इऑन तिरियाकशी पाच सेट खेळला, शेवटचा सेट ६-०. म्हणजे इतकं सगळं विरोधात असताना पाचव्या सेटमध्ये समोरच्याला एक गेम दिला नाही, मला हे वाचतानाच काटा आला.

पण मला सगळ्यात मोठी गोष्ट १९७३ची वाटते. युगोस्लाव्हियाचा निकी पिलिच डेव्हिस कप खेळला नाही म्हणून त्यांच्या फेडरेशनने त्याच्यावर बंदी घातली, तेव्हा खेळाडूंच्या नव्या संघटनेचे ८१ जण विम्बल्डनवर बहिष्कार टाकून बाहेर बसले आणि त्यात आदल्या वर्षीचा चॅम्पियन स्मिथ पण होता. दुसऱ्याच्या हक्कासाठी स्वतःचं विजेतेपद राखायची संधी सोडली त्याने. पुढच्या वर्षी सेमीफायनलला केन रोझवॉलवर दोन सेटची आघाडी होती तरी हरला, आणि विम्बल्डनची सिंगल्स परत कधीच जिंकली नाही. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेद जोरात असताना तिथल्या मार्क मथाबाने या काळ्या मुलाला त्याने आणि बायकोने अमेरिकेत कॉलेजची स्कॉलरशिप मिळवून द्यायला मदत केली, हे पण वाचलं तेव्हा बूट हातात घेऊन बघतच राहिलो.

आणि बूट मुळात त्याचा नव्हताच, फ्रान्सच्या रॉबर्ट आये नावाच्या खेळाडूचा होता, साठच्या दशकातला, तो रिटायर झाल्यावर कंपनी स्मिथकडे आली. काही वर्षं बुटावर आयेचं नाव आणि स्मिथचा चेहरा असं दोन्ही होतं, १९७८पासून एकट्या स्मिथचं. फोटो नेमका मिशी नसतानाचा घेतला गेला आणि तोच कायम राहिला.

आता वापराचं. साईज थोडी मोठी येते, अर्धा नंबर कमी घ्या. मी पहिल्यांदा एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवला तर त्याने भलताच नंबर पाठवला आणि पैसे परत यायला तीन आठवडे लागले, म्हणून सरळ दुकानात जा, पायात घाला, चालून बघा. कोणत्याही नव्या बुटासारखं पहिले तीन-चार दिवस जरा जाड मोजे घाला. पूर्वी कातड्याचा यायचा, २०२१ला कंपनीने नेहमीच्या मॉडेलला कातड्याऐवजी काही प्रमाणात रिसायकल केलेलं मटेरियल आणलं, काही प्रकार मात्र कातड्याचेही येतात. काकांना ते पटलं नाही, आईला मात्र घरात कातड्याचं काही नको असतं त्यामुळे ती खूश आहे. पावसात चिखल उडाला तर वाळू देऊ नका, ओल्या फडक्याने लगेच पुसा, सोलच्या कडेला जुना टूथब्रश आणि थोडी साबणपूड, परत पांढरा शुभ्र होतो.

स्वस्त नाहीये, सेलची वाट बघा. मी वाट बघून परवा अजून एक जोड घेतला, आठ नंबर, काकांना. ते आता रोज सकाळी बागेत तेच घालून जातात आणि बाकावरच्या मंडळींना जिभेवरचा चेहरा दाखवून विचारतात, सांगा बघू ह्याचं काय राहिलंय.